दारातला ट्रॅक्टर आणि वहीतला हिशेब

भातकापणी आटोपून दिवाळी सरली की गोव्याच्या अंतर्भागातील कोणत्याही गावात फेरफटका मारावा. रस्त्याच्या दुतर्फा स्लॅबची घरे उभी राहिलेली दिसतात. तुळशीवृंदावनाशेजारी दुचाकी उभी असते. छपरावर दूरदर्शन संचाची तबकडी असते आणि एखाद्या दारात पॉवर टिलर किंवा ट्रॅक्टरही असतो. शहरातून आलेला पाहुणा हे सारे पाहून सहजच म्हणतो, "शेतकरी आता सुखी झाला आहे."

त्याच गावच्या सेवा सहकारी संस्थेच्या कचेरीत खातेवही उघडली, तर त्याच घरांपैकी काहींच्या नावांपुढे थकबाकीचे आकडे आढळतात. रस्त्यावरून दिसणारे चित्र एक आणि वहीतले चित्र दुसरे. यांपैकी खरे कोणते मानावे?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. घरकुलासाठी नावे सुचविताना ग्रामसभा हाच अंदाज बांधत असते. कर्जाचा अर्ज पाहणारा बँकेचा अधिकारी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चौकशी करणारा तलाठी, शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थ्याची शिफारस करणारा शिक्षक आणि मुलीसाठी स्थळ पाहणारा बाप, हे सर्वजण घराच्या बाह्य रूपावरून काही ना काही अनुमान काढतात. ते अनुमान चुकले तर गरजू माणूस यादीबाहेर राहतो, न झेपणारे कर्ज मंजूर होते किंवा शेजाऱ्याच्या बरोबरीसाठी एखादे कुटुंब कर्जाच्या विळख्यात सापडते. म्हणून या विषयाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे अगत्याचे आहे.

भरभराटीतून कर्ज : एक जुना धडा

समृद्धीची चिन्हे आणि कर्ज ही दोन्ही हातात हात घालून येऊ शकतात, हे या प्रदेशाने एकोणिसाव्या शतकातच अनुभवले आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाचे भाव गगनाला भिडले. धारवाड, खानदेश, वऱ्हाड या भागांत पैसा खेळू लागला. गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या कथा त्या काळी सांगितल्या जात. दख्खनच्या इतर भागांतही धान्याचे भाव चढले आणि रेल्वेच्या कामांमुळे हाती रोख रक्कम येऊ लागली.

शेतकऱ्याची पत वाढली, तसा सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागला. लग्नकार्ये थाटात झाली. युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले. पुढे फेरआकारणीमुळे सारा वाढला. भाव उतरले, पण कर्ज मात्र उतरले नाही. सावकारांनी नवे कर्ज देणे आखडले आणि जुन्याची वसुली सुरू केली. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील कर्जरोखे हस्तगत करून जाळले. त्याची परिणती म्हणून 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

पंजाबातील सहकारी चळवळीशी निकटचा संबंध असलेले सनदी अधिकारी माल्कम डार्लिंग यांनी 1925 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच गोष्टीची मीमांसा केली. कालव्यांमुळे पंजाबातील जमिनीची किंमत वाढली आणि शेतकरी सुस्थितीत आला. पण किमतीबरोबर त्याला कर्ज मिळण्याची शक्यताही वाढली आणि कर्जाचा बोजा मोठा झाला, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्याच्याजवळ तारण ठेवण्यासारखे काही आहे त्यालाच मोठे कर्ज मिळते. म्हणजे दारातील चीजवस्तू ही पुष्कळदा पतीची खूण असते. तीवरून शिल्लक कळत नाही.

पाहणीचे आकडे काय सांगतात

राष्ट्रीय नमुना पाहणीने 2018-19 या कृषिवर्षासाठी देशभरातील शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. तीनुसार शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये होते. हे उत्पन्न कोठून आले, त्याची फोड अशी : मजुरी व पगार 4,063 रुपये, पिके 3,798 रुपये, जनावरे 1,582 रुपये, शेतीबाह्य व्यवसाय 641 रुपये आणि जमीन खंडाने देण्यापासून 134 रुपये.

शेतकरी म्हणून गणलेल्या कुटुंबातही सर्वांत मोठा वाटा मजुरी व पगाराचा होता, ही यातील विशेष ध्यानात घेण्याजोगी बाब. सहा वर्षांपूर्वी, म्हणजे 2012-13 च्या पाहणीत, चित्र निराळे होते. तेव्हाच्या 6,426 रुपयांच्या मासिक उत्पन्नात पिकांचे 3,081 आणि मजुरी व पगाराचे 2,071 रुपये होते. या अवधीत मजुरी व पगाराचे उत्पन्न जवळजवळ दुप्पट झाले. पिकांचे उत्पन्न मात्र शेकडा 23 एवढेच वाढले. भाववाढ त्याहून अधिक होती, हे ध्यानात घेतले तर पिकांपासूनची खरी मिळकत घटलीच असे म्हणावे लागते. तेव्हा घरात नवी वस्तू आली असेल तर ती शेताने दिली की नोकरीने, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

याच पाहणीत आणखी एक हिशेब मांडलेला आहे. वरील 10,218 रुपयांतून केवळ रोख झालेला खर्च वजा केलेला होता. घरच्या माणसांचे श्रम, घरचे बियाणे, घरचा चारा अशा गोष्टींचेही मोल धरले तर सरासरी उत्पन्न 8,337 रुपयांवर येते. पिकांचे 3,798 रुपये 3,058 होतात आणि जनावरांचे 1,582 रुपये अवघ्या 441 वर उतरतात. पहाटे उठून गवत कापणारी, गोठा साफ करणारी आणि दूध घेऊन संस्थेच्या केंद्रावर जाणारी घरची स्त्री आपल्या श्रमाचा दाम मागत नाही. म्हणून दुधाचा धंदा फायद्याचा दिसतो.

कर्जाच्या बाबतीत पाहता, 2018-19 मध्ये शेकडा 50.2 शेतकरी कुटुंबे कर्जात होती आणि सर्व शेतकरी कुटुंबांमागे सरासरी 74,121 रुपये कर्ज येणे होते. 2012-13 मध्ये ही सरासरी 47,000 रुपये होती.

कर्ज म्हणजे दारिद्र्य नव्हे

येथे दुसऱ्या टोकाची चूकही टाळली पाहिजे. कर्ज दिसले की शेतकरी बुडाला, असे मानणे बरोबर नाही. वरील पाहणीत झारखंडमधील शेतकरी कुटुंबावर सरासरी 8,415 रुपयेच कर्ज होते, पण तेथील मासिक उत्पन्नही 4,895 रुपये, म्हणजे अत्यल्प होते. पंजाबात कर्ज 2,03,249 रुपये, तर मासिक उत्पन्न 26,701 रुपये होते. आंध्र प्रदेशात कर्ज 2,45,554 रुपये आणि उत्पन्न 10,480 रुपये.

हे आकडे महिन्यांच्या मापाने मोजले की त्यांचा अर्थ उलगडतो. पंजाबातील कर्ज सुमारे साडेसात महिन्यांच्या उत्पन्नाएवढे होते. देशाची सरासरी सव्वासात महिन्यांच्या आसपास येते. आंध्र प्रदेशातील कर्ज तेवीस महिन्यांहून अधिक उत्पन्नाएवढे होते. पंजाब आणि आंध्र प्रदेश यांतील कर्जाच्या रकमांत फार मोठा फरक नाही, पण ते फेडण्याची ताकद अगदी भिन्न आहे. कोणत्याही घराला हे माप लावता येते. येणे असलेले एकूण कर्ज भागिले महिन्याचे सरासरी उत्पन्न, एवढाच तो हिशेब आहे.

ट्रॅक्टरचे गणित

शेतातील समृद्धीचे सर्वांत ठळक चिन्ह म्हणजे ट्रॅक्टर. त्याचा हिशेब समजण्यास सोपा जावा म्हणून काही गोल आकडे उदाहरणादाखल घेऊ. समजा, ट्रॅक्टर व अवजारे मिळून 8 लाख रुपये लागले. त्यांपैकी 2 लाख घरचे आणि 6 लाख कर्जाचे. व्याज दर साल शेकडा 10 आणि मुद्दलाची फेड सहा वर्षांत, वर्षाला 1 लाख.

पहिल्या वर्षी व्याज 60,000 रुपये होते. दहा वर्षांनी ट्रॅक्टरचे 2 लाख रुपये येतील असे धरले तर झीज दर वर्षी 60,000 रुपये. विमा व दुरुस्तीसाठी 30,000 रुपये. एकूण 1,50,000 रुपये हा ट्रॅक्टर बाळगण्याचा पहिल्या वर्षाचा खर्च झाला. तासाला 1,000 रुपये भाडे मिळते आणि त्यातून डिझेल व चालकाचे 500 रुपये जातात असे मानू. तर हा खर्च भरून निघण्यासाठी ट्रॅक्टर वर्षातून 300 तास कामात राहिला पाहिजे.

घरची शेती 2 हेक्टर असेल आणि दोन पिके घेतली जात असतील, प्रत्येक पिकाला हेक्टरी 15 तास लागत असतील, तर घरच्या शेतावर 60 तासांचेच काम निघते. उरलेले 240 तास दुसऱ्यांच्या शेतावरून आले पाहिजेत. गावात एकच ट्रॅक्टर असेल तर ते येतील. शेजाऱ्यांनीही एकमेकांचे पाहून पाच ट्रॅक्टर घेतले तर तेच काम पाच ठिकाणी वाटले जाते, भाड्याचा दर उतरतो आणि पाचही दारांत हप्ता थकतो. ट्रॅक्टर चालो वा न चालो, पहिल्या वर्षीचे मुद्दल व व्याज मिळून 1,60,000 रुपये बँकेत भरावेच लागतात. रस्त्याने जाणाऱ्यास मात्र पाच ट्रॅक्टरांचे संपन्न गाव दिसते.

ट्रॅक्टर घेऊ नये, असा याचा अर्थ नाही. कामाचे पुरेसे तास हाताशी असतील तर तो निश्चितच लाभदायक आहे. तास पुरत नसतील तर भाड्याने घेणे किंवा काही शेतकऱ्यांनी मिळून अवजारे ठेवणे परवडते. 2014-15 पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना साहाय्य देण्याची तरतूद याच हेतूने करण्यात आली.

खाणपट्ट्याचा अनुभव

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतील वाचकांना याचा आणखी एक दाखला परका नाही. लोहखनिजाला परदेशांतून मोठी मागणी होती त्या वर्षांत अनेक शेतकरी कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले. ट्रकच्या उत्पन्नावर घरे वाढली आणि मुले शहरातील महाविद्यालयांत गेली. याच काळात काही ठिकाणी खाणीचा गाळ शेतांत उतरला आणि शेते पडीक राहिली. काही ठिकाणी माणसेच शेतातून ट्रककडे वळली.

सप्टेंबर 2012 मध्ये राज्यातील खाणकाम स्थगित झाले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही ते थांबविण्याचा आदेश दिला. मध्यंतरी ते पुन्हा सुरू झाले, पण फेब्रुवारी 2018 च्या निकालानंतर मार्च 2018 पासून पुन्हा बंद पडले. ट्रक दारात उभे राहिले. ट्रक तेच आणि घरेही तीच, पण त्यांच्यामागचा पैशाचा ओघ आटला होता. ज्या कुटुंबांनी त्या बऱ्या दिवसांतही भातशेती आणि बागायत राखली होती, त्यांना निदान घरचे तांदूळ व नारळ-सुपारीचा आधार राहिला. ज्यांचे शेत पडीक होते, त्यांना बांधापासून सुरुवात करावी लागली.

जे दिसत नाही ते

जशी काही श्रीमंती केवळ दिसण्यापुरती असते, तशी काही डोळ्यांत भरत नाही. फोंडा किंवा सत्तरीतील एखादे जुने कौलारू घर घ्यावे. भिंतीचा रंग उडालेला, दारात वाहन नाही. पण मागे ओहोळाकाठी कुळागर आहे. सुपारी, नारळ, तिच्या आधाराने चढलेली मिरवेल, खाली केळी आणि कडेला फणस. एका पिकाचा भाव पडला तर दुसरे सावरते, आणि वर्षभर थोडा थोडा पैसा येत राहतो. पाट दुरुस्त आहे, मेलेल्या माडांच्या जागी नवी रोपे लावलेली आहेत आणि बँकेचे देणे नाही. असे घर रस्त्यावरून गरीब दिसते, पण त्याची शेती धडधाकट असते.

याच्या उलटही घडते. खाजन शेतीचा बांध दर वर्षी दुरुस्त करावा लागतो. एका वर्षी ती दुरुस्ती टाळली तर तेवढा पैसा हाती उरतो आणि त्यातून घरात एखादी वस्तू येते. वस्तू सर्वांना दिसते, खचलेला बांध कोणी पाहत नाही. दोन-तीन वर्षांनी खारे पाणी आत शिरते तेव्हा खरा खर्च कळतो. जुन्या माडांवर नारळ काढीत राहून नवी लागवड न करणे, हाही याच प्रकारातला व्यवहार आहे. याला उत्पन्न म्हणता येत नाही. हे मूळ भांडवल खाणे झाले.

लग्नातील सोन्याचीही गोष्ट अशीच. मांडवात दिसलेले दागिने पेरणीच्या सुमारास तारण म्हणून बँकेत जातात आणि सुगीनंतर परत येतात. लग्नाच्या छायाचित्रात त्यांचा हा प्रवास दिसत नाही.

खातेवहीदेखील सर्व काही सांगतेच असे नाही. 3 लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर सवलतीचा दर शेकडा 7 असून वेळेवर फेड करणाऱ्याला आणखी 3 टक्क्यांची सूट मिळते, म्हणजे व्याज शेकडा 4 पडते. ही सवलत मोलाची आहे. ती हातची जाऊ नये म्हणून काही जण मुदतीच्या दिवशी खाजगी व्यक्तीकडून चार-आठ दिवसांपुरती रक्कम घेतात, कर्ज भरतात आणि नवे कर्ज उचलून ती परत करतात. गावोगावी याला 'नवे-जुने' म्हणतात. वहीत फेड वेळेवर झालेली दिसते, पण मुद्दल एका रुपयानेही उतरलेले नसते आणि मधल्या दिवसांचे जादा व्याज शेतकऱ्याच्या माथी बसते.

याद्या करताना

शासकीय याद्याही दिसणाऱ्या चिन्हांवर आधारलेल्या असतात, कारण ती मोजण्यास सोपी असतात. 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेत ग्रामीण कुटुंबे आपोआप वगळण्याचे काही निकष ठरविण्यात आले होते. त्यांत मोटारचलित वाहन, शेतीची यांत्रिक अवजारे, शीतकपाट, घरचा दूरध्वनी आणि 50,000 रुपये वा अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड यांचा समावेश होता. यांतील शेवटचे चिन्ह विशेष विचार करण्यासारखे आहे. ते कर्ज घेण्याच्या सोयीचे चिन्ह आहे, आणि तेथे ते संपन्नतेचे गमक ठरले.

प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतही वगळण्यासाठी असेच निकष लावण्यात आले. काळ पालटला आणि दुचाकी ही चैन राहिली नाही. दूध केंद्रावर नेण्यासाठी, बाजार गाठण्यासाठी, मजुरीच्या ठिकाणी पोहोचण्यासाठी ती गरजेची झाली. म्हणून 2024 मध्ये दुचाकी, शीतकपाट व घरचा दूरध्वनी या अटी काढून टाकण्यात आल्या आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा 10,000 वरून 15,000 रुपये करण्यात आली. चिन्हांचा अर्थ काळाप्रमाणे बदलतो आणि निकषही त्यानुसार तपासावे लागतात, याची ही कबुलीच होय. ग्रामसभेत एखाद्या नावावर आक्षेप घेताना 'त्याच्या दारात मोटारसायकल आहे' एवढेच कारण पुरेसे मानू नये.

चार प्रश्न

घराची वा शेतीची खरी आर्थिक स्थिती जाणून घ्यावयाची असेल, तर पुढील चार प्रश्न उपयोगी पडतात.

पहिला : ही वस्तू कोणत्या पैशातून आली? शेतीच्या, नोकरीच्या, परदेशी गेलेल्या मुलाच्या, की कर्जाच्या?

दुसरा : एकूण कर्ज किती महिन्यांच्या उत्पन्नाएवढे आहे? यात बँक, संस्था, सोनेतारण, वस्तूंचे हप्ते आणि हातउसने हे सर्व धरावे.

तिसरा : हप्ता कोणत्या महिन्यात येतो आणि पीक कोणत्या महिन्यात विकले जाते? मासिक हप्ता पगारदाराला झेपतो. वर्षातून एकदा-दोनदाच पैसा हाती येणाऱ्या शेतकऱ्याला तोच हप्ता दर महिन्यास उसनवारी करावयास लावतो.

चौथा : एक हंगाम बुडाला तर जमीन, सोने किंवा दुभते जनावर न विकता कुटुंब पुढचा हंगाम गाठू शकेल काय?

या प्रश्नांची उत्तरे दुसऱ्याच्या घराबद्दल मिळणे कठीण. स्वतःच्या घराबद्दल मात्र ती कोणालाही काढता येतात. त्यासाठी चाळीस पानांची एक वही पुरे. एका बाजूला शेताचा जमाखर्च, दुसऱ्या बाजूला घराचा, आणि कर्जासाठी स्वतंत्र पान. घरच्यांचे कामाचे दिवसही मांडावेत, मग त्यांचा दाम कोणी घेवो वा न घेवो. आठवीनववीच्या विद्यार्थ्यांना गणिताच्या तासाला अशी वही ठेवावयास शिकविली, तर शिक्षकांना व्याज, सरासरी आणि शेकडेवारी यांची जिवंत उदाहरणे मिळतील आणि पुष्कळ घरांत प्रथमच शेताचा हिशेब कागदावर उतरेल.

वर्षअखेरीस त्या वहीतील दोन आकडे पाहावेत. शेताने घरच्या श्रमाचे मोल देऊन किती शिल्लक ठेवले, आणि कर्ज गेल्या वर्षीपेक्षा चढले की उतरले. दारात काय उभे आहे, याचा विचार त्यानंतर करावा.